लूव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं, हे तुम्हालाच माहीत नव्हतं?

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : जूनच्या युरोप सहलीतला पॅरिसचा दिवस आणि परतावा

काल तुमच्या नौपाडा शाखेतून जो फोन आला, त्यानंतर तोंडी बोलण्यात अर्थ उरलेला नाही.

आयटिनररी तुमचीच आहे. पॅरिसच्या दिवशी सकाळी 'लूव्र, मोनालिसा' असं ठळक छापलंय. तो मंगळवार होता. लूव्र दर मंगळवारी बंद असतं. दर उन्हाळ्यात तिथे बसच्या बस भरून नेणाऱ्या कंपनीत हे एकालाही ठाऊक नसावं?

टूर मॅनेजरने आम्हाला काचेच्या पिरॅमिडसमोर उतरवलं, बंद दार पाहिलं, 'फ्री टाइम, एन्जॉय करा' म्हणाला आणि गेला. बरोबर सहा वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीने हैराण माझी आई. शेजारच्या त्विलरी बागेत गेलो. तिथल्या वाटा बारीक खडीच्या. बाबागाडीची पुढची चाकं रुतून बसायला लागली, तेव्हा गाडी बायकोने उचलली आणि मुलगी मी.

संध्याकाळी 'झगमगता आयफेल टॉवर, रात्री 8'. जूनमध्ये पॅरिसला सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. ते दिवे अंधार पडल्यावर, दर तासाला पाच मिनिटं लुकलुकतात. आठ वाजता लख्ख ऊन होतं. नऊला 'ड्रायव्हरचे तास संपले' म्हणून बस हॉटेलकडे. मुलगा वाटभर 'दिवे कधी लागणार' विचारत होता. काय सांगायचं होतं त्याला?

आता कालचा फोन. तुमचे एक्झिक्युटिव्ह म्हणाले, "सर, मंगळवारी बंद असतं हे गूगलवर आहे. तुम्ही आधी चेक नाही केलंत?"

मी म्हटलं, मीच चेक करायचं तर तुम्हाला पैसे कशाचे दिले?

त्यावर, "सर, मुलं लहान आहेत. त्यांना पेंटिंगमधलं काय कळणार? पिरॅमिडसमोर फोटो तर छान आले असतील ना." वर हसले! माझ्या मुलांना काय कळतं ते तुमच्या कॉल सेंटरने ठरवायचं? आईला मोनालिसा पाहायची होती. तिला कळतं की नाही, तेही विचारून घ्यायचं होतं.

याहून कहर म्हणजे बिलात 'म्युझियम एंट्री – चाइल्ड' अशी वेगळी रक्कम आहे, दोन्ही मुलांची. लूव्रमध्ये 18 वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. म्हणजे फुकट प्रवेशाचे पैसे घेतलेत, तेही बंद दाराचे. यावर उत्तर काय, तर "पॅकेजचं ब्रेकअप देता येत नाही." बिलावर छापलंय ते काय आहे मग? आणि हो, पुन्हा सांगतो, मंगळवार होता.

आईबाबांची चारधाम तुमच्याकडूनच झाली होती, तेव्हा तुमची माणसं हात धरून चढवत होती. म्हणून तर डोळे मिटून पैसे भरले.

चौघांचे आणि आईचे लूव्रचे पैसे आणि त्या संध्याकाळची भरपाई 15 दिवसांत खात्यात जमा करा, लेखी खुलाशासह. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होईल. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीतली तीन कुटुंबं दिवाळीसाठी तुमच्याकडेच चौकशी करतायत, त्यांना बिलाचा फोटो आजच पाठवतो.

'आमच्या सेवेला पाच स्टार द्या' हा मेसेज रोज सकाळी येतोय. तेवढा तरी ताबडतोब बंद करा.

आपला ग्राहक,
घोडबंदर रोड, ठाणे (प.)