गोष्टीत कासव चुकतं, ते का?

महोदय,

वन्यजीव सप्ताहात शाळाशाळांतून ‘प्राणी वाचवा’ कथास्पर्धा होतात. कोकणातल्या मुलांच्या वह्यांतही सिंह आणि शिकारी असतात. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, अंडी घालून जाणारं ऑलिव्ह रिडले कासव क्वचितच. विषय दिलाच, तर वेळ चुकते. सप्ताह १ ते ७ ऑक्टोबरचा आणि माद्या किनाऱ्यावर येतात साधारण नोव्हेंबर ते मार्च. गोष्ट फेब्रुवारीत लिहून घ्यावी. तेव्हा हॅचरीतले, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणातले, खड्डे बघायला मिळतात.

कासवाच्या गोष्टींत तीन चुकीचे प्रसंग हटकून येतात: आई पिल्लांची वाट बघते, मुलगा अंडी पिशवीत घालून घरी नेतो आणि शेवटी पिल्लं बादलीने समुद्रात सोडतो. प्रत्यक्षात मादी शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि जाते. परत फिरकत नाही. अंडी हॅचरीत हलवायची तर लवकरात लवकर, कारण काही तासांत भ्रूण कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटतो. नंतर अंडं उलटलं की तो मरतो. म्हणून कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारे गावकरी, पहाटेच मादीचा माग शोधत निघतात. कोल्हा-कुत्र्यांच्या आधी पोहोचायचं असतं, हेही आहेच. हॅचरीतला खड्डाही मादीने केला तसाच लागतो: सुमारे दीड फूट खोल, तोंड अरुंद, तळ मडक्यासारखा रुंद. पुढचे ४५ ते ६० दिवस वाळूची ऊब नर की मादी ते ठरवते. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. बाहेर आलेलं पिल्लू उजेडाकडे धावतं, म्हणून किनाऱ्यावरच्या हॉटेलचा हॅलोजन त्याला उलट्या दिशेला नेतो. पाण्यापर्यंत त्याला वाळूवरून स्वतःच्या पायांनी जाऊ द्यायचं असतं. एवढं नाट्य हाताशी असताना शिकारी कशाला हवा?

खलनायक म्हणून मच्छीमारही नको. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं, जाळ्यात अडकलं तर ते गुदमरतं. संरक्षित जीव जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८ पासून आहे. जाळं कापू की नको, हा तांडेलाचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा, पेच सातवीतल्या मुलाला नीट कळतो.

चार तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत लिहायचं काहीच नाही. कासवमित्र किंवा तांडेल वर्गात बोलवावा, प्रत्येकाने एक प्रश्न विचारावा. दुसरीत फळ्यावर दोन रकाने करावेत, ‘पाहिलेलं’ आणि ‘ऐकलेलं’. तिसरीत लेखन: एक रात्र, एक घरटं, तीनशे शब्द. ‘कासवाचं आत्मवृत्त’ टाळावं, त्यात मुलं निबंधावर घसरतात. चौथी तासिका सर्वांत मोलाची आणि नेमकी तीच गाळली जाते. त्याच पाहुण्यासमोर गोष्ट वाचायची, तो म्हणेल ‘असं होत नाही’ ते दुरुस्त करायचं. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी किंवा मेळघाटात रानपिंगळा या घुबडासाठीही हीच रीत चालेल. माणूस आणि महिना बदलेल.

परीक्षकांना एक विनंती. तात्पर्याला गुण ठेवू नका, मुलं मग तात्पर्यापासूनच उलटी गोष्ट रचतात. आणि ‘पुळण’ खोडून ‘समुद्रकिनारा’ करू नका.

– किनारपट्टीवरील काही शिक्षक, जि. रत्नागिरी