जुनापाणीचे दगड सातबाऱ्यावर आणि नकाशावर आले पाहिजेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे आपल्या पेपरात इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाची बातमी आली होती, त्याच्या मधोमध पडलेला तो सहा टनी ऑल्टर स्टोन ब्रिटनच्या पश्चिमेकडच्या वेल्सचा नाहीच, पार स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाकडून आणलेला आहे, असं २०२४ च्या ऑगस्टमध्ये सिद्ध झालं त्याची. बातमी वाचून आनंद झाला पण एक गोष्ट राहूनच गेली. स्टोनहेंजचे जे लहान, निळसर दगड आहेत ते मात्र वेल्सचेच आहेत, तिथल्या पेंब्रोकशायर नावाच्या समुद्रकाठच्या जिल्ह्यातल्या प्रेसेली टेकड्यांमधून सव्वादोनशे किलोमीटर दूर नेलेले, आणि त्या जिल्ह्याबद्दल आपल्याकडे कोणी लिहीत नाही. माझी मुलगी नोकरीनिमित्त वेल्समधल्या स्वानसीला राहते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा हा सगळा किनारा पाहून झाला, आणि तेव्हापासून आपल्या काटोल रोडवरच्या जुनापाणीच्या शिलावर्तुळांचा विषय डोक्यातून जात नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण कृपया कापू नका.

तिथलं सगळ्यात प्रसिद्ध स्मारक म्हणजे पेंत्रे इवान. साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं थडगं, म्हणजे त्याचा आता फक्त दगडी सांगाडा उरलाय. पाच मीटर लांब आणि सोळा टन वजनाची एक शिळा तीन उभ्या दगडांच्या निमुळत्या टोकांवर टेकलेली आहे, जमिनीपासून अडीच मीटर वर, आपण सरळ चालत खालून जाऊ शकतो. मागे टेकड्या, समोर उतार आणि त्याच्यापलीकडे समुद्र. तिकीट नाही. एका शेताच्या कडेला गाडी लावायची, फाटक उघडून जायचं, बस. १६०३ साली जॉर्ज ओवेन नावाच्या तिथल्याच माणसानं या दगडांचं वर्णन लिहून ठेवलंय, जुनी स्मारकं जपायचा त्यांचा कायदा १८८२ साली आला तेव्हा संरक्षणाच्या अगदी पहिल्या यादीत हे होतं, १९३६-३७ मध्ये ग्राइम्स या पुरातत्त्वज्ञानं उत्खनन केलं आणि पुन्हा १९५८-५९ मध्ये केलं. म्हणजे चारशे वर्षं कोणी ना कोणी त्या दगडांकडे लक्ष देऊन आहे.

पण मला खरं हलवून गेलं ते दुसरंच, कॅरेग कोएटन आर्थर. न्यूपोर्ट नावाचं छोटं गाव आहे, त्यात बंगल्यांची वसाहत झाली, आणि त्या वसाहतीत एका प्लॉटएवढी जागा सोडून दिलीय, भोवती झुडपांचं कुंपण, छोटं फाटक, आणि आत पाच हजार वर्षांपेक्षा जुनं थडगं उभं आहे. उत्खननात तिथं जळालेली हाडं आणि मडक्यांची खापरं निघाली. शेजारच्या घरात कोणी कपडे वाळत घालतंय आणि इकडे हे. आपल्याकडे लेआऊट पाडताना असा एक प्लॉट सोडलेला मला तरी कुठे दिसला नाही.

आता आपल्या गोष्टीकडे येतो. नागपुरातल्या किती जणांना माहीत आहे की शहरापासून दहाएक किलोमीटरवर जुनापाणीला तीनशेच्या आसपास शिलावर्तुळं आहेत? मोठमोठे काळे दगड गोलाकार मांडलेले, मध्ये दगडमातीचा भर आणि त्याच्या खाली पुरलेल्या माणसांचे अवशेष, लोखंडाची हत्यारं, मडकी. अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची लोखंडयुगातली ही माणसं. आणि हे एकट्या जुनापाणीचं नाही, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड, भागीमाहारी, हिंगण्याजवळचं रायपूर, जिल्हाभर हे पसरलेलं आहे. माहुरझरीला घोडे पुरलेले सापडले, त्यांच्या तोंडावरच्या तांब्याच्या दागिन्यांसकट, शिवाय अकीक आणि कार्नेलियन या रंगीत दगडांचे मणी. नैकुंडला पेंच नदीच्या काठी लोखंड वितळवायची भट्टीच मिळाली. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात यासाठी काय मेहनत घेतली ते त्या काळचे रिपोर्ट वाचले की कळतं.

घोड्यांवरून आठवलं. २०१८ मध्ये पेंब्रोकशायरमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्या एका हौशी माणसाला शेतात ब्राँझचे घोड्याच्या साजाचे तुकडे सापडले, लाल मीनाकारी केलेले, त्यानं ते रीतसर कळवले, मग म्युझियमच्या लोकांनी खोदलं तर साधारण दोन हजार वर्षांपूर्वी रथासकट पुरलेल्या माणसाचं थडगं निघालं, वेल्समधलं पहिलंच. तो रीतसर खजिना म्हणून जाहीर झाला आणि वस्तू राष्ट्रीय म्युझियममध्ये गेल्या. सगळ्या ब्रिटनमध्ये गाजलं. आपले माहुरझरीचे घोडे त्याहून कितीतरी शतकं जुने आहेत! पण नागपूरच्या कुठल्याही कॉलेजमधल्या पोट्ट्याला विचारा, स्टोनहेंज सांगेल, माहुरझरी नाही सांगणार. त्यात त्याची चूक नाही, त्याला कोणी दाखवलंच नाही. आणि शेतकऱ्याला काही सापडलं तर तो सांगायला घाबरतो, पोलीस येतील, शेत अडकेल, उगाच झंझट, म्हणून गपचूप पुन्हा मातीत ढकलतो नाहीतर विकून टाकतो. त्याला भीती वाटणार नाही अशी सोय व्हायला हवी.

जुनापाणीच्या दगडांवर छोट्या वाटीसारखे गोल खळगे कोरलेले आहेत, रांगेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ साली त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हाच त्याला ब्रिटनमधल्या अशाच खळग्यांची आठवण झाली होती. वेल्सच्या वायव्य किनाऱ्यावर बाखवेन नावाचं थडगं आहे, समुद्राच्या अगदी जवळच्या शेतात, त्याच्या वरच्या शिळेवर असे शंभरावर खळगे आहेत. मी हे सांगतोय म्हणजे आपले आणि त्यांचे पूर्वज एक होते असं अजिबात म्हणायचं नाही, मध्ये हजारो मैल आणि हजारो वर्षं आहेत, व्हॉट्सॲपवर असलं काही फिरवू नका. पण दोन्हीकडच्या माणसांनी मेलेल्यांसाठी जड दगड ओढून आणले, ते उभे केले आणि त्यावर तासन् तास बसून खळगे कोरले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

बरं, तिकडे सगळं सुरक्षित आहे असंही नाही. तिथं समुद्र खातो. किनाऱ्यावर कड्यांच्या टोकाला लोखंडयुगातले किल्ले आहेत, तीन बाजूंनी समुद्र आणि जमिनीकडून मातीचे बांध घातलेले, सोल्व्हाजवळचा पोर्थ ई राव तर अर्धाअधिक समुद्रात गेलाय. मग त्यांनी काय केलं, आयर्लंडबरोबर मिळून २०१७ पासून एक मोठा प्रकल्प घेतला, ड्रोननं आणि लेझरनं किनारा मोजला, कुठला बांध किती झिजतोय ते नोंदवलं आणि जे पडणारच आहे ते पडायच्या आधी खोदून समजून घेतलं. बोर्थ आणि न्यूगेलच्या किनाऱ्यावर तर वाळूखाली हजारो वर्षांपूर्वी बुडालेलं जंगल आहे, २०१४ च्या वादळांनंतर झाडांचे बुंधे उघडे पडले ते बघायला लोकांची गर्दी झाली. न्यूगेलचं हेच जंगल वादळात उघडं पडल्याचं बाराव्या शतकात जेराल्ड नावाच्या पाद्र्यानं लिहून ठेवलेलं आहे.

आपल्याकडे समुद्र नाही. आपल्याकडे जेसीबी आहे. मुरूम काढायला, लेआऊट पाडायला, रस्ता रुंद करायला. काटोल रोडच्या बाजूला एका नव्या लेआऊटवर वर्तुळाचे दगड एका कोपऱ्यात ढकलून ठेवलेले आणि त्यातलेच काही कम्पाउंडच्या पायात घातलेले मी स्वतः पाहिलेत. तिथल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, काका, आम्हाला कोणी सांगितलंच नाही, नुसते दगड तर आहेत. आणि त्याचं म्हणणं खरंच आहे हो, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. जुनापाणी आणि जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांची वर्तुळं केंद्राच्या संरक्षित यादीत आहेत, कायद्यानं संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या दोनशे मीटरात परवानगी लागते, पण यादीत नसलेली वर्तुळं, जी शेतात, झुडपात, गायरानात पडलेली आहेत, ती कोणाच्याच कागदावर नाहीत. जी कागदावर नाहीत त्यांना वाचवणार कोण?

वेल्सनं हाच प्रश्न सोडवलाय. तिथं संरक्षित असो नसो, माहीत असलेल्या जुन्या दगडांची, बांधांची, टेकाडांची नोंद असते, आणि २०१६ च्या त्यांच्या कायद्यानं अशी नोंदवही ठेवणं आणि ती लोकांना बघता येणं बंधनकारक झालंय. घराला, रस्त्याला परवानगी देताना ती आधी बघतात. १९०८ पासून तिथं एक रॉयल कमिशन याच कामासाठी आहे, त्यांचा सगळा डेटा मोबाईलवर फुकट दिसतो. पेंत्रे इवानच्या फाटकावर उभं राहून मी मुलीच्या मोबाईलवर पाहिलं, आसपासच्या किती शेतांमध्ये काय काय आहे ते सगळं नकाशावर. आणि ही बहुतेक स्मारकं खासगी शेतांत आहेत बरं का, मेंढ्या चरतात भोवती, शेतकऱ्यांसाठीच्या पर्यावरण योजनांमध्ये जुनी स्मारकं सांभाळायचाही भाग असतो, म्हणजे दगड हा शेतकऱ्याच्या डोक्याला ताप होत नाही.

आणि नोंद करायची सवय असली की किती फरक पडतो त्याचं एक उदाहरण सांगतो. वेल्सच्याच अँग्लसी बेटावर १९४२-४३ मध्ये, ऐन युद्धात, विमानतळ बांधायचं काम चाललं होतं. तळ्यातला चिखल उपसून आणताना एक लोखंडी साखळी निघाली आणि मजुरांनी ती रुतलेले ट्रक ओढायला वापरली, आणि तिनं ओढलेही! नंतर कळलं की ती दोन हजार वर्षं जुनी, कैद्यांना गळ्याला बांधायची साखळी होती. कामावरच्या इंजिनीअरनं ते म्युझियमला कळवलं म्हणून लिन केरिग बाखच्या तळ्यातल्या दीडशेवर वस्तू आज बघायला मिळतात, तलवारी, भाले, रथाचे भाग. बॉम्ब पडत असताना एका इंजिनीअरला पत्र लिहायला वेळ मिळाला. आपल्या रस्त्याच्या कंत्राटदाराला एक फोन करायला काहून जमू नये? पण फोन कोणाला करायचा हे तरी त्याला माहीत पाहिजे ना.

लोक म्हणतील वेल्सकडे पैसा आहे, माणसं आहेत. मला हे पटत नाही, कारण नागपूरएवढी या विषयातली जाणकार माणसं देशात दुसऱ्या कुठल्या शहरात नसतील. पुरातत्त्व सर्वेक्षणाची प्रागैतिहासिक शाखा नागपुरात आहे. सेमिनरी हिल्सवर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ऑफिस आहे, आणि प्रेसेलीचे निळे दगड ओळखले ते १९२३ साली हर्बर्ट थॉमस या भूवैज्ञानिकानंच, नंतर बेव्हिन्स आणि इक्सर या दोघांनी दगडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून कुठला दगड नेमका कुठल्या कड्याचा ते सांगितलं. महाराष्ट्राचं रिमोट सेन्सिंग सेंटर इथंच आहे, उपग्रहाचे नकाशे त्यांच्याकडे आहेत. नागपूर विद्यापीठात प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्वाचा विभाग आहे, अजब बंगला म्हणजे आपलं जुनं म्युझियम आहे. हे सगळे एकमेकांपासून स्कूटरनं अर्ध्या तासाच्या अंतरावर बसतात. फक्त त्यांना एका टेबलाशी बसवायला कोणीतरी पाहिजे, आणि ते काम जिल्हाधिकाऱ्यांनीच करावं असं मला वाटतं.

जिल्ह्यातल्या प्रत्येक शिलावर्तुळाचा जीपीएस पॉइंट घ्यावा, विद्यापीठाच्या मुलांना घेऊन दोन हिवाळ्यांत हे होऊ शकतं, उन्हाळ्यात आणि पावसात नको. त्याचा नकाशा मराठीत सगळ्यांना बघता येईल असा टाकावा. ज्या गटात वर्तुळ आहे त्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात तशी नोंद व्हावी, म्हणजे जमीन विकत घेणाऱ्याला आधीच दिसेल आणि एनए म्हणजे बिगरशेतीची किंवा मुरमाची परवानगी देताना तहसील ऑफिसातल्या माणसालाही दिसेल. शेतकऱ्याची जमीन घेऊ नये, त्याला त्रास देऊ नये, उलट दगड तसेच राखले तर वर्षाला काही रक्कम द्यावी. आणि सापडलेल्या वस्तू आणून दिल्या तर रीतसर पावती आणि बक्षीस मिळेल, पोलीस दारात येणार नाही, हे ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लिहावं.

जुनापाणीला तर आत्ताच करण्यासारखं खूप आहे. पेंब्रोकशायरमध्ये कास्टेल हेनलिस नावाची जागा आहे, विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षं उत्खनन केलं आणि जुनी गोल घरं जिथं होती तिथंच पुन्हा बांधली, कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, मधे चूल, शाळेची मुलं येऊन जात्यावर दळतात. आपल्याकडे लगेच एवढं नको. एक नीट पायवाट, मराठीतला माहितीफलक, एक स्वच्छतागृह आणि गावातल्याच चार-पाच मुलामुलींना ट्रेनिंग देऊन गाइड केलं तरी पुष्कळ. फुटाळा तलावावर संध्याकाळी जेवढी गर्दी असते त्यातले शंभर लोक जरी रविवारी सकाळी तिकडे वळले तरी त्या गावाला रोजगार मिळेल. फक्त दगडांवर चढून फोटो काढू नका आणि नावं कोरू नका एवढं गाइडनं सांगितलं पाहिजे.

संपादक साहेब, आपल्या पेपरानं यात पुढाकार घ्यावा ही विनंती. ज्या वाचकांच्या शेतात किंवा गावाजवळ असे गोलाकार मांडलेले दगड आहेत त्यांनी दगड न हलवता फोटो, गावाचं नाव आणि गट नंबर आपल्याकडे पाठवावेत, आणि पेपरानं ते एकत्र करून विद्यापीठाच्या विभागाकडे द्यावेत. मी जिथं दगड हलवलेले पाहिले त्या जागेचे फोटो या पत्रासोबत जोडले आहेत, लेआऊटचं नाव छापू नका, पण फोटो विभागाकडे नक्की पोचवा, कारण तिथं अजून दोन वर्तुळं जागेवर शाबूत आहेत.

आपला,
एक वाचक, काटोल रोड, नागपूर