सीआरपीचा आकडा आणि ताटातलं गणित

प्रिय मैत्रिणी,

स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या रक्तचाचणीत सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन) ४.८ आलं म्हणून तू लगेच हळदीच्या कॅप्सूल घ्यायला निघालीस. थांब जरा. रक्त दिलंस त्या आठवड्यात सर्दी, ताप, दाढदुखी काही होतं का? सीआरपी यकृतात बनतं आणि साध्या संसर्गानेही भराभर चढतं. म्हणून चाचणी दोन आठवड्यांनी पुन्हा कर, तीही हाय-सेन्सिटिव्हिटीचीच, म्हणजे अगदी कमी प्रमाणही मोजणारी. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वरचं चढं समजतात, पण ही पट्टी हृदयविकाराच्या जोखमीसाठी बनलेली. कॅन्सर परतलाय का, हे ती सांगत नाही.

दुसऱ्यांदाही चढंच आलं, तर आधी पोटाभोवतीच्या चरबीकडे बघ. तिच्यातून आयएल-६ हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन सुटतं आणि ते यकृताला सीआरपी बनवायला लावतं.

कॅप्सूल मात्र नकोच. टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परतू नये म्हणून घ्यायची गोळी) चालू असताना हळदीतल्या कर्क्युमिनच्या मोठ्या डोसने त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण घटू शकतं. भाजीतल्या चिमूटभर हळदीबद्दल हे नाही, ती खुशाल घाल.

खरा फरक पडतो तो अख्ख्या आहाराने. अमेरिकेतल्या 'हील' अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांच्या आहाराला गुण दिले होते. चांगला आहार असलेल्यांचं सीआरपी कमी निघालं, आणि ही तफावत व्यायाम न करणाऱ्यांमध्ये ठळक होती. पण भाज्या वाढवल्या की कॅन्सर परतत नाही, असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नकोस. २००७ साली अशाच ३,०८८ जणींवरच्या आहार-प्रयोगाचा निकाल आला, त्यात तसा फायदा दिसला नाही.

तू फायबरपासून सुरुवात कर. लक्ष्य दिवसाला ३० ग्रॅम. शिजवलेले हरभरे किंवा मसूर २०० ग्रॅम घेतलेस की निम्मं काम झालं. उरलेलं अख्ख्या धान्यातून आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळांतून येईल, त्यात बटाटा धरायचा नाही. पण एकदम उडी नको. आठवड्याला ५ ग्रॅम वाढव आणि पाणीही वाढव, नाहीतर पोट फुगेल आणि दहाव्या दिवशी सगळं सोडून देशील. फळाचा रस काढू नकोस, गाळणीत फायबर राहतं आणि पेल्यात साखर. पाकिटावर 'मल्टिग्रेन' लिहिलेलं असलं तरी घटकांच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं असेल, तर परत ठेव.

सध्या तीन दिवसांचं खाणं लिहून पाठव, दोन कामाचे आणि एक सुट्टीचा. तेल अंदाजाने नाही, चमच्याने मोजून.

तुझीच