रोमच्या एस्क्विलिनो वस्तीतील एका स्वागतिकेस अनावृत पत्र

आदरणीय सिन्योरा,

सप्रेम नमस्कार.

रोममधील तेर्मिनी स्थानकाजवळच्या आपल्या हॉटेलात गेल्या शरद ऋतूत सांगलीहून आलेले एक वृद्ध दांपत्य आणि त्यांची मुलगी उतरली होती. आपल्यासमोर रोज नवी माणसे येऊन उभी राहतात, त्यामुळे आम्ही आपल्या लक्षात असू असे मी गृहीत धरत नाही. हे पत्र त्या मुलीचे आहे. याचा इटालियन अनुवाद मी टपालाने स्वतंत्रपणे पाठवत आहेच. परंतु ते मराठीत आणि जाहीरपणे लिहावे असेही मला मनापासून वाटले. दरवर्षी महाराष्ट्रातून कितीतरी कुटुंबे इटलीला जातात आणि त्यांतली पुष्कळशी तेर्मिनीच्या आसपास मुक्काम करतात. मात्र त्या वस्तीविषयी ती एकमेकांना जे सांगतात, ते एवढेच असते की स्थानक जवळ आहे, खोल्या परवडतात आणि रात्री सांभाळून राहावे. आम्हीही तेवढेच ऐकून आलो होतो. त्यापलीकडचे सारे आम्हाला आपल्यामुळे मिळाले.

पहिल्या संध्याकाळी मी आपल्याकडे कलोसियम आणि व्हॅटिकनच्या वेळांची चौकशी करायला आले, तेव्हा आपण उत्तर देण्याआधी आई-बाबांकडे पाहून विचारले होते, “हे दोघे एका दमात किती चालू शकतात?” प्रवासाची आखणी करताना हा प्रश्न आम्हाला कोणीही विचारला नव्हता. आईचे गुडघे दुखतात हे कळल्यावर आपण शहराचा नकाशा घडी घालून इतका लहान केलात की त्यात केवळ हॉटेलच्या भोवतालचा भाग उरला. आणि त्यावर पेनाने प्रेक्षणीय स्थळांच्या आधी बसायचे बाक, पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृह असलेले कॅफे यांच्या खुणा केल्यात. स्थानकाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर एक फुली मारून रात्री तिकडून येऊ नका, असेही स्पष्ट सांगितलेत. आपल्या वस्तीतले उणे आपण लपवले नाहीत आणि त्याचा बाऊही केला नाही, म्हणून तिच्याविषयी आपण जे चांगले सांगितले त्यावर आमचा विश्वास बसला.

सांता मारिया माज्जोरे या महामंदिराकडे भल्या सकाळी, रांगा लागण्यापूर्वी जा, असे आपण बजावले होते. पोप फ्रान्सिस यांचे 2025 च्या एप्रिलमध्ये तेथे दफन झाल्यापासून दिवसभर दर्शनार्थींची रीघ असते. आम्ही गेलो तेव्हा आत मोजकीच माणसे होती. मध्यदालनाच्या भिंतींवर पाचव्या शतकातली मोझेक चित्रे आहेत; ती इतक्या उंचावर आहेत की मान दुखेपर्यंत पाहावे लागते. परंतु माझ्या मनात अधिक राहिल्या त्या दोन साध्या समाध्या. एक पोप फ्रान्सिस यांची, जिच्यावर लॅटिनमधील त्यांच्या नावाखेरीज एक अक्षर नाही. आणि दुसरी, मुख्य वेदीच्या उजवीकडे पायरीलगत बसवलेली बेर्निनीची शिळा. ज्या शिल्पकाराने अर्ध्या रोमला रूप दिले, त्याच्या शिळेवरून लक्ष सहज घसरून जाते. आपण नकाशावर तेथे बाण काढला नसता तर आमचेही गेले असते.

तेथून काही पावलांवर असलेल्या सांता प्रास्सेदे चर्चबद्दल मात्र मला सविस्तर लिहिलेच पाहिजे. त्याचे दार गल्लीत बाजूला आहे, बाहेरून भिंत अगदी सामान्य दिसते आणि दुपारी ते बंद असते. एवढ्या कारणांनी बहुतेक प्रवासी त्याच्यावरून पुढे निघून जातात. आपण आम्हाला वेळ सांगितलीत, दार सांगितलेत आणि दिव्यासाठी सुटी नाणी जवळ ठेवायला सांगितलीत. नवव्या शतकाच्या आरंभी पोप पास्कल पहिले यांनी हे चर्च बांधले आणि त्यातील संत झेनो यांचे छोटे दालन आपल्या आईच्या, थिओडोराच्या, समाधीसाठी सजवून घेतले. नाणे टाकले, दिवा लागला आणि छतापासून खांबांच्या माथ्यापर्यंत सारे दालन सोन्याने उजळले. संतांच्या मस्तकांमागे वर्तुळाकार प्रभावळ आहे, तर थिओडोराच्या मागे चौकोनी. चित्र घडले तेव्हा ती व्यक्ती हयात होती, याची ती खूण. मुलाने आईसाठी दालन बांधावे आणि आईने ते जिवंतपणी पाहावे, ही गोष्ट मी आईला सांगितली, तेव्हा तिने माझ्याकडची उरलेली नाणी मागून घेतली आणि दिवा विझला की ती पुन्हा लावत राहिली. त्या सहलीत आम्ही नावाजलेली संग्रहालयेही पाहिली, पण माझ्या मते त्या दालनाच्या तोडीचे आम्हाला काही दिसले नाही.

बाबांची वाट निराळी होती. त्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, त्यातही बराच काळ जतसारख्या दुष्काळी तालुक्यात गेली. त्यामुळे रोमच्या रस्त्यांवरचे ते बिडाचे नळ अखंड वाहताना पाहून पहिल्या दिवशी ते अस्वस्थ झाले होते. एवढे पाणी वाया कसे जाऊ देतात, असे त्यांनी आपल्याला जरा कठोर आवाजातच विचारले. आपण न रागावता समजावलेत की हे नळ 1874 पासून आहेत, शहरात ते सुमारे अडीच हजार असतील आणि पाणी सतत वाहते राहिल्याने नळांत साचून शिळे होत नाही. नळाचे तोंड बोटाने दाबले की वरच्या छिद्रातून पिण्याजोगी धार उडते, हेही आपण त्यांना हातवारे करून दाखवलेत. मग ते दिसेल त्या नळाशी थांबू लागले. पाण्याच्या नासाडीबद्दलचे त्यांचे मत पूर्णपणे बदलले असे मी म्हणणार नाही, परंतु त्यानंतर आम्ही बाटलीबंद पाणी विकत घेतले नाही.

हे ध्यानात ठेवूनच आपण दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी पोर्ता माज्जोरेची खूण केलीत. तेथपर्यंतचा रस्ता आईला लांब पडेल, म्हणून वाटेत 1928 पासून त्याच इमारतीत असलेल्या जुन्या आइस्क्रीमच्या दुकानात तिला बसवण्याची सोयही आपणच सुचवलीत. पोर्ता माज्जोरे ही आज नगराची वेस म्हणून ओळखली जाते, परंतु मुळात तो जलसेतूचा भाग आहे. सम्राट क्लॉडियसने इ. स. 52 मध्ये पूर्ण केलेल्या दोन जलवाहिन्या तेथे रस्ता ओलांडतात, एकीच्या डोक्यावर दुसरी. खाली अॅक्वा क्लॉडिया आणि वर आनिओ नोव्हुस. भिंतीवरचा भव्य शिलालेख मी फोनवरच्या अनुवादाच्या आधाराने वाचून दाखवला: कोणत्या झऱ्यांतून पाणी घेतले त्यांची नावे, पंचेचाळिसाव्या आणि बासष्टाव्या मैलाच्या दगडापासून ते आणल्याची नोंद, आणि खर्च सम्राटाने स्वतः केल्याचा उल्लेख. त्याखाली नंतरच्या काळातील दोन सम्राटांनी, व्हेस्पासियन आणि टायटस यांनी, केलेल्या दुरुस्त्यांचे लेख आहेत. बाबा कितीतरी वेळ ते पाहत राहिले. बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर सगळीकडेच असते, पण दुरुस्ती करणाऱ्याचेही नाव तितक्याच मोठ्या अक्षरांत कोरलेले त्यांनी पहिल्यांदाच पाहिले, असे ते म्हणाले. कालव्यांच्या दुरुस्तीवर आयुष्य घालवलेल्या माणसाला त्याचे काय वाटले असेल, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखले.

वेशीला लागूनच युरिसॅकेस नावाच्या भटारखान्याच्या मालकाची समाधी आहे. ती ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातली असून नंतरच्या तटबंदीत दडून गेली होती. 1838 मध्ये ती पुन्हा उजेडात आली. तिच्या वरच्या पट्टीवर धान्य दळण्यापासून पाव भाजून तोलण्यापर्यंतचे सारे काम कोरलेले आहे. सभोवती ट्रामचे रूळ आणि वाहनांचा गोंगाट असतो, म्हणून तेथे उभे राहणे सुखाचे नाही, तरीही ही समाधी चुकवू नये, असे मी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

आता या वस्तीतल्या पियात्सा व्हित्तोरिओ या चौकाविषयी. रोम 1871 मध्ये एकसंध इटलीची राजधानी झाले, त्यानंतर ही वस्ती नव्याने आखली गेली. म्हणून येथील रस्ते सरळ आहेत, चौकाभोवती उत्तरेकडच्या तुरिन शहरासारख्या कमानींच्या ओवऱ्या आहेत आणि पाट्यांवर काव्हूर, रिकासोली, जोबेर्ती अशी त्या स्वातंत्र्यपर्वातली नावे आहेत. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांची चरित्रे एके काळी मराठी घरांतून आवडीने वाचली जात. त्या पिढीची संगत आम्हाला एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना लाभत होती. बागेतले तिसऱ्या शतकातल्या प्रचंड कारंज्याचे अवशेष आणि सतराव्या शतकातला किमयागाराचा दरवाजा आम्ही पाहिला, पण आईला बागेतले बाक अधिक आवडले. तेथे बांगलादेशी मुले क्रिकेट खेळत होती, चिनी आजी नातवंडांना घेऊन आल्या होत्या आणि इटालियन वृद्ध वर्तमानपत्र वाचत बसले होते.

आईला खरी मोकळीक मिळाली ती तेथल्या मंडईत. पूर्वी हा बाजार चौकातच भरत असे. 2001 पासून तो जवळच्या जुन्या लष्करी बराकींच्या इमारतीत हलवलेला आहे. आम्ही आलो त्यानंतर लगेच संकष्टी होती आणि आईच्या उपासाचे कसे होणार ही चिंता मला घरापासून लागून राहिली होती. मी ती आपल्याजवळ बोलून दाखवली, तेव्हा उपास कशाचा, का, असे काही न विचारता आपण इतकेच विचारलेत की तिला काय चालते. मग आपण मंडईची खूण केलीत. तेथे भेंडी, कारली, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता आणि रताळीही होती. बांगलादेशी विक्रेत्याशी आई हिंदीत बोलली आणि परदेशात आल्यापासून प्रथमच तिने माझ्या मदतीवाचून खरेदी केली, भावही केला. ती रताळी न्याहारीच्या खोलीतल्या मायक्रोवेव्हमध्ये शिजवायला आपण परवानगी दिलीत, वर तिच्यासाठी वेगळी ताटली काढून ठेवलीत. आईने चंद्रोदयाची वेळ विचारली, तेव्हा तीही आपण संगणकावर शोधून दिलीत. यातली कोणतीही गोष्ट आपल्या कामाचा भाग नव्हती.

आमच्याकडे परदेश प्रवास म्हटला की पुष्कळदा समूह सहलीच असतात आणि त्यांत मुक्काम अनेकदा शहराबाहेरच्या हॉटेलात असतो. सकाळी बस न्यायला येते, रात्री आणून सोडते आणि दारासमोरची गल्ली कुठे जाते हे पाहण्याची संधी मिळत नाही. अशा सहलींची सोय मी नाकारत नाही; वृद्धांसाठी ती मोठी सोय आहे. तरीही कोपऱ्यावरच्या कॅफेत आधी गल्ल्यावर पैसे भरून, पावती काउंटरवर ठेवून उभ्याने कॉफी पिण्याची रीत बाबा आपल्याकडून शिकले आणि दुसऱ्या दिवशी एकटे जाऊन कॉफी पिऊन आले, हा आनंद त्यांना कोणत्याही आखीव कार्यक्रमात मिळाला नसता. शेवटच्या सकाळी कॅफेवाल्याने त्यांना पाहताच न विचारता कप पुढे केला. ते त्यांनी सांगलीत परतल्यावर ज्याला त्याला सांगितले.

निघताना मी आपले आभार मानले होते, पण टॅक्सी दाराशी उभी होती आणि सामान उतरवण्याच्या धांदलीत ते दोन शब्दांत उरकले गेले. रात्रपाळीच्या थकव्यातही एका अनोळखी कुटुंबासमोर नकाशा पसरून आपण जो वेळ दिलात, त्याबद्दल मी आज नीट, लिहून आभार मानते. आई-बाबांनाही हेच सांगायचे आहे. आईने आपल्याला आशीर्वाद कळवले आहेत. बाबांची एक शंका आहे: आपल्या हॉटेलसमोरच्या नळाला पाणी कोणत्या झऱ्यातून येते, हे कळल्यास त्यांना हवे आहे.

माझ्या मावसभावाचे कुटुंब येत्या उन्हाळ्यात रोमला येत आहे. त्यांना मी आपल्याच हॉटेलचा पत्ता दिला आहे. त्यांच्यासोबत लहान मुले आहेत, ती भराभर चालतात आणि लवकर कंटाळतात. त्यांच्यासाठी नकाशाची घडी कशी घालायची हे आपण ठरवावे. आपण काढलेला नकाशा त्यांनी माझ्याकडे मागितला होता, परंतु तो आईने आपल्याजवळ ठेवला आहे आणि ती तो द्यायला तयार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली ऋणी,
सांगलीची एक प्रवासी