दातांसाठी हाड भरताना ते कशाचे, हे आधी सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दात काढल्यावर जबड्याचे हाड आक्रसते, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. इम्प्लांटसाठी, म्हणजे जबड्यात बसवायच्या कृत्रिम दाताच्या मुळासाठी, हाडाची रुंदी कमी पडली की 'थोडी बोन पावडर घालू, वर मेंब्रेन लावू' एवढेच पेशंटला सांगितले जाते. ही पावडर बरेचदा गाईगुरांच्या हाडावर प्रक्रिया करून केलेली असते आणि विरघळणारे मेंब्रेन, म्हणजे वर ठेवायचा पातळ पडदा, डुकराच्या किंवा गुरांच्या कोलाजेन या प्रथिनाचे. ज्यांच्या घरात हे चालत नाही, त्यांना ही गोष्ट ऑपरेशननंतर बिलावरून कळावी, हे अजिबात योग्य नाही. पर्याय आहेत: पेशंटचे स्वतःचे हाड, कृत्रिम ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, किंवा टिश्यू बँकेतले (दान केलेल्या ऊतींच्या पेढीतले), गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले मानवी हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची अशी बँक आहे.

मेंब्रेनचे काम राखणदाराचे. हिरडीच्या पेशी भरभर वाढतात, हाडाच्या सावकाश. मध्ये आडोसा नसेल तर हिरडीच ती जागा बळकावते. म्हणून मेंब्रेन खड्ड्याच्या कडेपलीकडे दोन-तीन मिलिमीटर तरी जायला हवे आणि हलता कामा नये. बोन पावडरचे दाणे साधारण पाव ते एक मिलिमीटरचे. ते रक्तात किंवा सलाइनमध्ये भिजवून ओल्या वाळूसारखे अलगद बसवायचे. ठासून भरले तर दाण्यांमधल्या फटी बुजतात आणि रक्तवाहिन्यांना आत शिरायला वाट उरत नाही.

काम फसते ते मुख्यतः टाक्यांपाशी. दाणे भरल्यावर जागा फुगते, हिरडी पुरत नाही आणि ती ओढून शिवली जाते. टाका घट्ट करताना कड पांढरी पडली, तर ताण आहे हे ओळखावे. हिरडीच्या आतल्या बाजूचे हाडावरचे आवरण बुडाशी आडवे छेदले की ती सैल होऊन सहज पुढे येते. हे न करता शिवले की आठ-पंधरा दिवसांत जखम उकलते, तोंडातले जंतू उघडे कोलाजेन लवकर खातात आणि दाणे थुंकीतून बाहेर येऊ लागतात. धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांनी हा धोका वाढतो. जखमेवर दाबणारी कवळी तर या काळात वापरूच नये. महागडे ब्रँडही इथे वाचवत नाहीत.

आणखी एक गैरसमज. गुरांच्या हाडाचे दाणे वर्षानुवर्षे विरघळत नाहीत आणि भरल्या दिवसापासूनच एक्स-रेत पांढरे दिसतात. त्या पांढरेपणाला 'हाड आले' समजून घाई करू नये. मोठ्या कामात चार ते सहा महिने, कधी त्याहून जास्त थांबावे लागते.

डेंटल कौन्सिलला विनंती आहे की दाणे व मेंब्रेन दोन्हींचा स्रोत संमतिपत्रावर मराठीत लिहिणे सक्तीचे करावे. डब्यावरचे बॅच नंबर व मुदतीचे स्टिकर एक फाइलमध्ये आणि एक पेशंटच्या कार्डावर चिकटवावे. पुढे दुसऱ्या डॉक्टरला तो जबडा उघडावा लागला, तर आत काय आहे हे त्याला त्या कार्डावरूनच कळेल.

– एक हिरडीरोगतज्ज्ञ, पुणे