मन्या, ओमचा माइक बंद आहे

प्रिय मन्या,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून शिव्या घाल, पण आधी वाच. माझी पाठ बरी, आईचा बीपी गोळीवर.

ओमच्या कॉलेजात बीजीएमआय ह्या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेमची फायनल होती. पहिल्याच सामन्यात त्याला नॉक करून समोरचा पोरगा स्टेजवरून ओरडला, "काय रे, अंगठा झोपला का?" ह्यावर मीही हसलो. खेळावरचा टोमणा, चालायचंच. मग तो ओमच्या अडखळण्याची नक्कल करत म्हणाला, "क-क-कव्हर दे!" आणि अख्खा हॉल फुटला. मागची पोरं "काय बोलला भाऊ!" करत होती. पुढच्या सामन्यात तोच लवकर मेला, तर तीच पोरं म्हणाली, "नुसतं तोंड चालतं ह्याचं." म्हणजे पब्लिकला बोलण्याचं काही नव्हतंच, हरण्याचं होतं.

आपण भरत नाट्यला पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी "अरे आवाज कुणाचा" करत समोरच्या कॉलेजची कमी पिसं काढली का? पण पडदा वर गेला की गप्प. (आपली एकांकिका त्या वर्षी पडेल होती, हे तू अजून मान्य केलेलं नाहीस.)

ओम म्हणतो, "मामा, ट्रॅशटॉक नसेल तर मॅच बघेल कोण?" तेही खरंच, दोन टीमचं वाकडं असलं की गर्दी जमते. मी त्याला डोटा ह्या गेमचं सांगितलं. २०१८ मध्ये एका फिलिपिनो खेळाडूने चॅटमध्ये चिनी लोकांची टवाळी केली, चिनी चाहते खवळले आणि गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याला चीनमधल्या चोंगछिंगच्या स्पर्धेला येऊच दिलं नाही. तर म्हणे, "ते वंशावरून होतं. मी तर अडखळतोच ना." ह्यावर काय बोलू? ओव्हरवॉच गेममध्ये 'जीजी ईझी', म्हणजे 'सोप्पं होतं' असं डिवचणारं, टाइप केलं की गेम त्याजागी भलतंच ओशाळवाणं वाक्य छापतो, ते सांगून त्याला हसवलं.

पण दुसऱ्या सामन्यापासून त्याने माइक बंद ठेवला. मी मागेच उभा होतो. अंगठा माइकच्या खुणेपर्यंत जायचा आणि परत फिरायचा. कुठे जायचं ते माइकवर सांगणारा तोच, त्यामुळे बाकीचे तिघे वाट्टेल तिकडे पळत होते.

तू एकांकिकेच्या त्या तालमींनंतर स्टेजवर बोलायला कसा लागलास, मला कधी सांगितलं नाहीस. त्याला सांगशील? मी बोललो की मामाचं लेक्चर होतं. रविवारी फोन करतो, तो शेजारी असेल. सुरुवात काउंटर-स्ट्राइकमधल्या तुझ्या पराभवांपासून कर, विषय पुरेल.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? पिल्लूला दात आले? वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंड्या