नंबर प्लेटचा रंग नको, टेप लावून बघा

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांस,

सप्रेम नमस्कार.

नव्या गाडीसाठी पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र लागेल, या आपल्या घोषणेबद्दल लिहितो आहे. आधीच सांगून टाकतो, ही तक्रार माझ्याच गाडीविरुद्ध आहे. दहिसर पूर्वेला आमच्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, १४ नंबरच्या चौकोनात जी धिप्पाड पिकअप उभी असते, ती माझी. तिचं नाक भिंतीला टेकलेलं असतं आणि मागचा फाळका पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर लोंबत असतो. आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून वॉकर घेऊन चालतात. सकाळी दूध आणायला उतरल्या की लिफ्ट आणि माझा फाळका यांच्यातल्या फटीतून त्यांना जावं लागतं. ती फट ५१ सेंटिमीटरची आहे, वॉकर ६४ सेंटिमीटरचा. मग काकू वॉकर मिटतात, तो पुढे टेकवतात, दुसरा हात माझ्या फाळक्यावर ठेवतात आणि आडव्या होऊन पलीकडे सरकतात. त्या एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. पण फाळक्यावरच्या धुळीत रोज सकाळी पाच बोटांचा ठसा असतो. तो पुसताना मला जे वाटतं, त्यातून हे पत्र लिहायला बसलो.

गाडी का घेतली, तेही सांगतो, नाहीतर आपण म्हणाल हौस आहे. देवगड तालुक्यात वडिलांची हापूसची चाळीसेक कलमं आहेत. एप्रिल-मे महिन्यात महिन्यातून तीन-चार खेपा होतात. आधी लहान गाडीच्या टपावर कॅरियर बांधून पेट्या आणायचो. एकदा पोलादपूरच्या अलीकडे दोरी सुटली आणि अर्धा हंगाम रस्त्यावर पडला. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड इसुझू व्ही-क्रॉस मिळाली. पुढे पाच माणसं, मागे हौद्यात दहा-बारा पेट्या. आई पुढच्या सीटवर बसून गावाला जाते, येताना मागून पेंढ्याचा वास येत असतो. गाडीला मी नावं ठेवणार नाही. कोकणातल्या घाटात ती सोन्यासारखी आहे. ती नडते ती फक्त मुंबईत, आणि तेही उभी असताना.

कंपनीच्या कागदावर ती ५,२९५ मिलिमीटर लांब आणि १,८६० मिलिमीटर रुंद. (आधीच्या मालकाने पुढे लोखंडी बंपर गार्ड बसवलं होतं. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये असल्या गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं, म्हणून घेतल्या घेतल्या काढून टाकलं. त्यात दहा सेंटिमीटर कमी झाले, हा माझा आत्तापर्यंतचा एकमेव विजय.) एका रात्री मी आणि वॉचमन टेप घेऊन बसलो. वॉचमनने एक टोक भिंतीला धरलं, दुसरं मी पट्ट्यापर्यंत ओढलं. चौकोन साडेचार मीटर लांब आणि २.३ मीटर रुंद निघाला. म्हणजे गाडी मागून जवळपास ८० सेंटिमीटर बाहेर. रुंदीत दोन्ही बाजू मिळून ४४ सेंटिमीटर उरतात, आणि एका बाजूला खांब. ड्रायव्हरच्या बाजूला उतरता यावं म्हणून मी गाडी खांबाला चिकटवतो, तेव्हा बायकोला आधी बाहेर उतरवून मग आत घालावी लागते.

वॉचमन म्हणाला, "साहेब, बिल्डरने मापात मारलं." मलाही तसंच वाटलं होतं. पण बिल्डरने मापात मारलेलं नाही. आमची इमारत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीखाली उभी राहिली. त्या नियमावलीत मोटारीच्या जागेचं माप अडीच मीटर बाय साडेपाच मीटर आहे, आणि खाली टीप आहे की त्यातल्या निम्म्या जागा २.३ बाय साडेचारच्या ठेवल्या तरी चालतील. त्याने निम्म्या लहान ठेवल्या. ९ नंबरचा चौकोन मोजला, तो पुरता साडेपाच मीटर निघाला. तिथे एक ऑल्टो उभी असते, तिच्या मागे मालकाच्या मुलाची सायकल, एक तुटका कूलर आणि गणपतीच्या मखराचं थर्मोकोल. माझी पिकअप तिथे २० सेंटिमीटर राखून बसली असती.

मग नऊ नंबरवाल्यांशी अदलाबदल का करत नाही? विचारलं, साहेब. ते म्हणाले, "चिठ्ठीत आलेली जागा आहे, वास्तूला मानवली आहे." आमच्याकडे जागा चिठ्ठ्या टाकून दिल्या. स्टिल्टमधली जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. त्यामुळे वाटप सोसायटीकडे आलं, ते चांगलंच झालं. पण चिठ्ठीवर नुसता आकडा होता. १४. माप कुणी लिहिलं नाही, कुणी विचारलंही नाही. आपल्याकडे "एक पार्किंग" म्हणजे एक पार्किंग. एक किलो साखर मागितली आणि वाण्याने एक पुडी दिली, किती भरली ते विचारू नका म्हणाला, तर आपण भांडू. पार्किंगला मात्र आपण पुड्या मोजतो.

आता मुद्द्याचं. मे २०२५ मध्ये आपण जाहीर केलंत की पार्किंगची जागा असल्याचं पालिकेचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या रात्री युद्ध पेटलं. निम्मे म्हणाले अन्याय, निम्मे म्हणाले शेवटी कुणीतरी बोललं. मी दुसऱ्या गटातला. माझं म्हणणं एवढंच, की त्या प्रमाणपत्रावर जागा "आहे" एवढंच लिहिणार असाल तर माझ्यासारख्याला ते सहज मिळेल. माझ्याकडे जागा आहे, सोसायटीचा शिक्का आहे, आकडा १४ आहे. कागद बिनचूक, आणि काकू रोज वॉकर मिटणार.

जपानमध्ये हा नियम १९६२ पासून आहे. गाडी घ्यायची तर घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा असल्याचं दाखवावं लागतं आणि पोलीस तसं प्रमाणपत्र देतात. त्या अर्जात गाडीची लांबी, रुंदी आणि उंची लिहावी लागते, जागेचा नकाशा मापांसकट जोडावा लागतो. आपली कल्पना तिकडून आली की स्वतंत्र सुचली, ते मला माहीत असायचं कारण नाही. पण तिकडून घेणार असाल तर ते तीन रकाने सोडून घेऊ नका.

आपल्या सरकारला लांबी मोजता येत नाही असंही नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांचं उत्पादन शुल्क कमी केलं, आणि तेव्हापासून कंपन्या एकेक मिलिमीटर वाचवायला मागचा भाग कुऱ्हाडीने तोडल्यासारख्या गाड्या बनवू लागल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तरी ४,००० मिलिमीटरची रेघ कायम राहिली. कर घ्यायचा तर गाडी मिलिमीटरात मोजायची, आणि उभी करायची वेळ आली की "एक नग". माझ्या आरसी कार्डावर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कार्डावर, व्हीलबेस छापलेला आहे, म्हणजे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर. फाळका कुठे संपतो ते नाही. आणि काकूंचा संबंध फाळक्याशी येतो, चाकाशी नाही.

या सगळ्यात खरा मार दुसऱ्याच माणसाला बसला आहे, ते सांगितल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. आमच्या पहिल्या मजल्यावर एक सभासद आहेत, मंडपाचा धंदा आहे त्यांचा. त्यांच्याकडे टाटा एस आहे, आपला छोटा हत्ती. २००५ साली ही गाडी आली आणि मुंबईच्या गल्ल्यांतला अर्धा धंदा तिच्यावर चालू लागला. लांबी ३.८ मीटर, रुंदी दीड मीटर. माझ्या १४ नंबरमध्ये ती उभी केली तर मागे ७० सेंटिमीटर उरतील, बाजूला ८०. काकू वॉकरसकट फेरफटका मारतील. पण सोसायटीच्या सभेत ठराव झाला आहे: मालवाहू वाहन आवारात उभं करायचं नाही. कारण काय, तर पिवळी नंबर प्लेट. बिल्डिंगची शोभा जाते. त्यामुळे सव्वापाच मीटरचा माझा रणगाडा पांढऱ्या प्लेटवर आत, आणि त्यांचा छोटा हत्ती बाहेर रस्त्यावर. रात्री ताडपत्रीची दोरी कुणी कापून नेतं, सकाळी मोबाइलवर ई-चलान येऊन पडतं. गेल्या वर्षी त्यांनी सभेत विचारलं, "ह्यांच्या गाडीच्या हौद्यात आंबे येतात ते चालतं, माझ्या गाडीत खुर्च्या येतात ते का नाही?" सेक्रेटरींनी चष्मा पुसला. मी खाली मान घालून बसलो होतो. ठराव होताना मीही हात वर केला होता, तेव्हा माझ्याकडे पिकअप नव्हती.

बाहेरची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्या खात्यापेक्षा पालिकेची जास्त आहे. पे अँड पार्कमध्ये दर गाडीप्रमाणे असतो, जागेप्रमाणे नाही. दादरला एकदा माझी गाडी दोन चौकोनांवर आली, तर तिथल्या पोराने दोन गाड्यांचे पैसे मागितले. मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचं बरोबर होतं. पण त्याच्या यंत्रात तशी पावती निघत नव्हती, म्हणून त्याने लहान गाडीच्या दोन पावत्या फाडून दिल्या आणि म्हणाला, "काका, एक गाडी भूताची समजा." दुसरीकडे, जुलै २०१९ मध्ये पालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास रस्त्यावर गाडी लावली तर मोटारीला १० हजार रुपये दंड लावला होता. दंड जबर होता, पण त्या वाहनतळात लांब गाडी शिरेल का, वळेल का, हे दारावर कुठे लिहिलेलं दिसत नाही. उंचीची कमान असते. लांबीचं काहीच नसतं. आत उतरल्यावर वळणावर कळतं, आणि तोवर मागे सहा गाड्या हॉर्न वाजवत असतात.

माझा मेहुणा अमेरिकेत, डॅलसला असतो. त्याच्याकडे फोर्ड एफ-१५० आहे, तिकडे त्याला फुल-साइझ म्हणतात. लांबी ५.९ मीटरच्या आसपास, रुंदी आरसे सोडून दोन मीटरच्या वर. त्यांच्या हिशेबात माझी गाडी मध्यम! त्याला विचारलं, तुमच्याकडे तरी बसते का? म्हणाला, दुकानाबाहेरचा चौकोन साधारण १८ फुटांचा, म्हणजे साडेपाच मीटर. गाडीचं नाक तिथेही बाहेरच. तो सरळ मैदानाच्या अगदी टोकाला लावतो आणि चालत येतो. त्याच्याकडे टोक आहे. आमच्या दहिसरला टोकाला नदी आहे.

तेव्हा मागणं फार नाही. प्रमाणपत्राच्या अर्जात जागेची लांबी-रुंदी आणि गाडीची लांबी-रुंदी शेजारी शेजारी लिहायला लावा, आणि दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर अर्ज परत करा. माझ्यासारख्याचा सुद्धा. आरसीवर पूर्ण लांबी छापा. आणि सहकार खात्याशी बोलून एक परिपत्रक काढता आलं तर काढा, की सोसायटीने प्रत्येक चौकोनावर त्याचं माप रंगवावं आणि चौकोनात मावणारी सभासदाची गाडी केवळ पिवळ्या प्लेटवरून बाहेर काढू नये. या शेवटच्या कलमाला आमच्याच सोसायटीतून विरोध होईल. होऊ दे.

"मग तुझी गाडी कुठे जाईल?" असं आपण विचाराल. आपला नियम मागच्या तारखेने लागणार नाही, हे मला कळतं; त्याच्या आडोशाला मी आरामात १४ नंबरमध्ये राहू शकतो. पण गेल्या रविवारी मी मंडपवाल्यांशी बोललो. सोसायटीने ठराव मागे घेतला तर १४ नंबर त्यांना द्यायचा. माझी गाडी दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे, मीरा रोडला, एका ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या आवारात महिन्याच्या भाड्याने जाईल, आणि मी रोज लोकलने जाईन, तसाही जातोच. आंब्याच्या खेपेला रिक्षाने जाऊन गाडी काढायची. बायको म्हणते, खुळा आहेस. आईने काही न बोलता काकूंकडे अर्धा डझन हापूस पाठवले.

ठरावाचा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर घ्यावा असं पत्र मी सेक्रेटरींना दिलं आहे, पोच घेतली आहे. आपल्या खात्याला मोजमापाचा नमुना हवा असेल तर कुणाला तरी पाठवा. रात्री साडेनऊनंतर यायला सांगा, तेव्हा सगळ्या गाड्या आलेल्या असतात. टेप माझ्याकडे आहे.

आपला,
दहिसरचा एक पिकअपवाला
(एमएच-४७)